‘नुसती थिअरी’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे: गुरुत्वीय लहरी, नवी बॅटरी, उत्क्रांती, कुठलीही बातमी आली की चर्चेत कुणी ना कुणी म्हणतंच, ‘ही तर नुसती थिअरी आहे’. हेच मराठीत ‘हा तर नुसता सिद्धांत आहे’ असं लिहिलं तर चालेल का? चालत नसेल, तर थिअरीला योग्य शब्द कोणता?

‘नुसता सिद्धांत’ चालत नाही. व्याकरण बिघडत नाही, अर्थ बिघडतो. सिद्ध अधिक अंत, म्हणजे तपासाच्या शेवटी पक्कं ठरलेलं. त्याला ‘नुसता’ जोडणं म्हणजे ‘नुसता अंतिम निकाल’ म्हणण्यासारखं आहे. मग ‘नुसती थिअरी’ कानाला का खटकत नाही? कारण बोलीतली थिअरी सिद्धांताच्या जागी आलेलीच नाही. ती परीक्षेच्या वेळापत्रकातून आली. थिअरीचा पेपर आणि प्रॅक्टिकलचा पेपर ही तिथली जोडी. त्यामुळे मराठी माणसाच्या मनात थिअरीच्या समोर प्रॅक्टिकल उभं असतं. निरीक्षण किंवा पुरावा नसतो. ‘त्याची थिअरी चांगली आहे, हात चालत नाही’ हे वाक्य अगदी सरळ आहे आणि त्याचा वैज्ञानिक सिद्धांताशी काही संबंध नाही.

त्यावर इंग्रजी बोलण्यातला दुसरा अर्थ येऊन बसला: थिअरी म्हणजे मनात आलेला अंदाज. आणि तिसरा अर्थ वैज्ञानिकांचा. एकाच शब्दात तीन अर्थ कोंबल्यावर भांडण ठरलेलंच. एकजण पहिल्या अर्थाने बोलतो, दुसरा तिसऱ्या अर्थाने उत्तर देतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून प्रतिशब्द शोधण्याआधी बोलणाऱ्याला कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते पाहावं लागतं.

पहिला अर्थ तंत्रज्ञानाच्या बातम्यांत सर्वाधिक भेटतो. ‘सिलिकॉन वापरलं की बॅटरीची क्षमता दहापट’ अशी बातमी आली की प्रतिक्रिया येते, ‘थिअरीत!’ इथे ‘कागदावर’ हा चपखल मराठी शब्द आहे. ‘तत्त्वतः’ही चालतो, पण दोन्हींत फरक आहे. ‘तत्त्वतः शक्य’ म्हणजे निसर्गनियम आड येत नाहीत. ‘कागदावर शक्य’ म्हणजे हिशेब जमतो, पण वस्तू अजून हातात नाही. आणि बातमीत ‘सैद्धांतिक क्षमता’ असा शब्द असेल, तर तो अंदाज नसतो हे ध्यानात ठेवावं. ती मोजून काढलेली कमाल मर्यादा असते. बॅटरीत लिथियम साठवणाऱ्या ग्रॅफाइटचंच, म्हणजे कार्बनच्या एका रूपाचंच घ्या. कार्बनचे सहा अणू मिळून लिथियमचा एक अणू धरतात. सहा मोल (मोल हे अणू मोजण्याचं रसायनशास्त्रातलं एकक) कार्बनचं वजन ७२ ग्रॅम, आणि एक मोल लिथियमचा विद्युतभार सुमारे २६,८०० मिलिअँपिअर-तास. भागाकार केला की ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास येतात. याहून जास्त ग्रॅफाइटमधून निघत नाही. सिलिकॉनचा असाच हिशेब ग्रॅमला सुमारे ३,६०० येतो, म्हणून बातमीत ‘दहापट’. अडचण अशी की लिथियम भरताना सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होतं, रिकामं होताना आक्रसतं, त्याला भेगा पडतात आणि काही फेऱ्यांतच क्षमता उतरते. तेव्हा ‘थिअरीत!’ म्हणणाऱ्याचा मुद्दा खरा आहे, फक्त त्याने तो ‘सैद्धांतिक क्षमता एवढी आहे, प्रत्यक्षात ती टिकत नाही’ असा मांडला तर वाचणाऱ्याला काहीतरी कळतं.

दुसरा अर्थ, अंदाजाचा, यात मराठी इतकी श्रीमंत आहे की इथे थिअरी वापरण्याचं मला कारणच दिसत नाही. अटकळ, तर्क, कयास, आडाखा, होरा, ठोकताळा. हे सगळे एकाच वजनाचे नाहीत. अटकळीला आधार थोडा असतो. तर्काला निदान एक कारण द्यावं लागतं. आडाखा पुढे काय घडेल याचा असतो आणि त्यामागे हिशेब असतो. होरा ज्योतिषातून आला, त्यामुळे तोही भविष्याकडे बघतो, पण हिशेब दाखवायचं बंधन त्याच्यावर नाही. ठोकताळा म्हणजे अनुभवातून बसलेला ढोबळ नियम. ‘फोन का गरम होतो यावर माझी एक थिअरी आहे’ याऐवजी ‘माझा एक तर्क आहे’ म्हणा. ‘पुढचं मॉडेल कधी येईल याची माझी थिअरी’ऐवजी ‘माझा आडाखा’.

शब्द निवडताना अडलात तर क्रियापद लावून बघा. अटकळ आणि आडाखा बांधतात. तर्क लढवतात किंवा करतात. उपपत्ती लावतात. सिद्धांत मांडतात. प्रमेय सिद्ध करतात. नियम लागू होतो. ‘अटकळ सिद्ध केली’ जसं विचित्र वाटतं, तसंच ‘सिद्धांत बांधला’ही. भाषेने प्रत्येक शब्दाची पुराव्याची पायरी क्रियापदातच नोंदवून ठेवली आहे, आणि ही सोय मला कोणत्याही परिभाषाकोशापेक्षा भरवशाची वाटते.

आता तिसरा अर्थ, आणि इथे थोडं थांबायला हवं. वैज्ञानिक थिअरीला मराठीत दोन शब्द प्रचलित आहेत: सिद्धांत आणि उपपत्ती. दोन्ही जुने आहेत, दोन्हींचा इतिहास वेगळा आहे.

सिद्धांत हा न्यायदर्शनातला, म्हणजे तर्क आणि प्रमाणांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातला, पारिभाषिक शब्द. गौतमाच्या न्यायसूत्रात ज्या सोळा पदार्थांची, म्हणजे विचाराच्या विषयांची, यादी आहे, त्यात तो सहावा. त्याचे चार प्रकार सांगितले आहेत: सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण आणि अभ्युपगम. सर्वतंत्र म्हणजे सगळ्या शास्त्रांना मान्य. प्रतितंत्र म्हणजे एका शास्त्राला मान्य, दुसऱ्याला नाही. अधिकरण म्हणजे जो मान्य केला की त्याच्या पोटात दुसऱ्या गोष्टी आपोआप मान्य होतात. अभ्युपगम म्हणजे पुढचा विचार करता यावा म्हणून, न तपासता, तात्पुरता मान्य केलेला. म्हणजे ‘सिद्ध’ हा शब्द पोटात असूनही परंपरेत सिद्धांताच्या पायऱ्या होत्याच. ज्योतिषगणितातही तेच. वराहमिहिराने पाच सिद्धांतांचा, म्हणजे खगोलगणिताच्या ग्रंथांचा, परामर्श एकाच ग्रंथात घेतला, आणि त्या पाचांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त सिद्धांत म्हणजे मूळ तत्त्वांपासून केलेलं संपूर्ण गणित. तेव्हा ‘सिद्धांत म्हणजे कधीच न बदलणारं सत्य’ असं कुणी उलट टोकाचं म्हणत असेल, तर तेही बरोबर नाही.

उपपत्ती म्हणजे कारणांसह लावलेली संगती. जुन्या गणितग्रंथांत एखादी रीत बरोबर का आहे, हे पटवून देणं म्हणजे उपपत्ती. ‘या गोष्टीची उपपत्ती लागत नाही’ असं आपण आजही म्हणतो, तेव्हा घडलेलं दिसतं आहे पण त्याचं कारण बसत नाही, असा अर्थ असतो. वैज्ञानिक थिअरीचं नेमकं काम हेच. म्हणून ज्या मांडणीला अजून कसोटी लागायची आहे तिला मी उपपत्ती म्हणेन आणि कसोट्या पार केलेलीला सिद्धांत. मूलकण म्हणजे अतिसूक्ष्म तारांची कंपनं असं मांडणाऱ्या स्ट्रिंग थिअरीला ‘स्ट्रिंग सिद्धांत’ म्हटलं की ‘सिद्ध’चा जो मान तिला फुकट मिळतो, तो प्रयोगाने अजून दिलेला नाही, ‘स्ट्रिंग उपपत्ती’ हे अधिक प्रामाणिक नाव आहे. शब्द प्रचारात कमी आहे हे मान्य, पण वापरला तर रुळेल.

मग हायपोथिसिसला काय म्हणायचं? पुष्कळजण ‘गृहीतक’ लिहितात, आणि इथे नवा घोळ सुरू होतो. शालेय भूमितीत युक्लिडची गृहीतकं असतात. ती तपासायची नसतात, धरून चालायची असतात. अर्थशास्त्रातही एखाद्या नियमाची गृहीतकं म्हणजे ज्या अटी धरल्यावर तो नियम चालतो त्या. हायपोथिसिस याच्या बरोबर उलट: ते मांडायचंच मुळी तपासण्यासाठी. ‘गृहीत धरणे’ हा वाक्प्रचार इतका जिवंत आहे की ‘शास्त्रज्ञांचं गृहीतक’ वाचल्यावर वाचकाला ‘यांनी न तपासता धरलंय’ असंच वाटतं, आणि त्यात वाचकाची चूक नाही. परिभाषेत ‘अभ्युपगम’ आहे, वर सांगितलेल्या चौथ्या प्रकारातून आलेला. प्रबंधांत ‘परिकल्पना’ चालतं, ‘शून्य परिकल्पना’ हा संख्याशास्त्रातला प्रयोग तर पक्का झाला आहे. समाजशास्त्रात ‘गृहीतकृत्य’ दिसतं. सर्वसाधारण वाचकासाठी लिहिताना मी ‘परिकल्पना’ किंवा सरळ ‘तपासायचा तर्क’ लिहीन. अभ्युपगममध्ये ‘तात्पुरता मान्य’ हा भाग नेमका आहे, पण तो पहिल्यांदा वाचणाऱ्याला अडखळवतो.

चर्चेत आणखी एक समज वारंवार दिसतो: परिकल्पना मोठी झाली की सिद्धांत होते, सिद्धांत पक्का झाला की त्याला नियमाची पदवी मिळते. ही शिडीच चुकीची आहे. नियम ‘किती’ आणि ‘कसं’ सांगतो, सिद्धांत ‘का’ सांगतो. न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचं सूत्र दिलं: वस्तुमानांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. हा नियम. बुधाची कक्षा मात्र या हिशेबापेक्षा शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) जास्त सरकत होती. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने त्या ४३ विकलांची उपपत्ती लावली. म्हणजे नियम जुना, सिद्धांत नवा, आणि नियमाच्या मर्यादा सिद्धांतानेच दाखवल्या. सिद्धांताला बढती मिळून नियम व्हायचं नसतं. मराठीत हा गोंधळ जास्त होतो त्याला एक कारण आहे: आपण न्यूटनच्या नियमालाही सर्रास ‘गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत’ म्हणतो, आणि बीजगणितात ‘शेष सिद्धांत’ आहे, जे खरं तर प्रमेय. प्रमेय गणितात एकदा सिद्ध झालं की झालं, तिथे नवा पुरावा येऊन ते पाडत नाही. भौतिकातल्या सिद्धांताला ही मुभा नाही.

म्हणूनच ‘आइन्स्टाइनचा सिद्धांत खरा ठरला’ हा मथळा मला खटकतो. या सिद्धांताने भाकीत केलेल्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपल्या गेल्या, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाल्या. त्यावर ‘म्हणजे शंभर वर्षं खोटा होता?’ अशी प्रतिक्रिया कुणी दिली, तर तिचं मूळ मथळ्यातच आहे. ‘आणखी एका कसोटीला उतरला’ असं लिहिलं असतं तर हा प्रश्न उठला नसता. सोन्याला कस लावतात, तो पुन्हा पुन्हा लावता येतो, आणि आज उतरलेलं उद्या दुसऱ्या कसोटीला लावायला हरकत नसते. विज्ञानाच्या कामाला यापेक्षा जवळचा मराठी वाक्प्रचार मला माहीत नाही.

याची दुसरी बाजू २०११ मध्ये दिसली. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेहून इटलीतल्या ग्रान सासोच्या प्रयोगशाळेपर्यंत, सुमारे ७३० किलोमीटर, न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचल्याचं जाहीर झालं. आइन्स्टाइनच्या मते प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही, म्हणून ‘आइन्स्टाइनची थिअरी गेली’ ही प्रतिक्रिया तेव्हा सहज येण्यासारखी होती. पुढच्या वर्षी कारण सापडलं: वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतली एक ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती. इथे थिअरी हा शब्द दोन्ही बाजूंना चुकीचा होता. जाहीर झालं होतं ते ‘मापन’, त्यावरून केला जात होता तो ‘दावा’. बातमी वाचताना हे दोन शब्द हाताशी असले की पुष्कळ घाई टळते.

शेवटी ‘-वाद’बद्दल. सापेक्षतावाद, उत्क्रांतिवाद हे शब्द रुळलेले आहेत, पण आजच्या कानाला ते समाजवाद, साम्यवाद यांच्या रांगेत बसतात: एक मत, पटलं तर घ्या. न्यायदर्शनात वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता फक्त समोरच्याचं खोडण्यासाठी केलेली ती वितंडा, जिच्यातून आपला वितंडवाद आला. तो जुना अर्थ आता सामान्य वाचकापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा ‘सापेक्षता सिद्धांत’, ‘उत्क्रांतीचा सिद्धांत’ लिहावं. (उत्क्रांती एकटी आली की ‘ती’ दीर्घ, समासात उत्क्रांतिवाद ऱ्हस्व.) उत्क्रांती या शब्दातल्या ‘उत्’मुळे वर चढण्याची कल्पना मनात शिरते आणि मग ‘माकडाचा माणूस झाला, तर आजची माकडं का उरली?’ असा प्रश्न येतो. ‘क्रमविकास’ने तो पुरता सुटत नाही, कारण विकासातही प्रगतीचा वास आहेच. इथे शब्द बदलण्यापेक्षा एक वाक्य जास्त लिहावं: माणूस आणि आजची माकडं यांचे पूर्वज एक होते, फांद्या वेगळ्या झाल्या.

आणि कॉन्स्पिरसी थिअरीला ‘षड्यंत्र सिद्धांत’ कृपा करून म्हणू नका. ज्यात काहीच सिद्ध झालेलं नाही, त्याला सिद्धांताचं नाव देऊन आपणच त्याचं वजन वाढवतो. ‘कारस्थानाचा संशय’ म्हणा, किंवा त्याने गोष्टीचं रूप घेतलं असेल तर ‘कारस्थानाची कहाणी’.