प्री-व्हेटसाठी दोन सारखीच विद्यापीठं, कुठलं निवडू?

अमेरिकेत दोन विद्यापीठांत प्री-व्हेटला, म्हणजे व्हेट स्कूलच्या (पशुवैद्यकीय कॉलेजच्या) आधीच्या शिक्षणाला, प्रवेश मिळालाय, नावलौकिक आणि अभ्यासक्रम उन्नीस-बीस, पुढे व्हेटरिनरी डॉक्टर व्हायचंय, असा प्रश्न आहे. माझं मत: जिथे कर्ज कमी होईल ते घ्या. पुढे चार वर्षांचं डीव्हीएम (पशुवैद्यकाची पदवी) आहे, खरा खर्च तिथेच.

प्री-व्हेट ही बहुतेक ठिकाणी वेगळी पदवी नसतेच. मेजर (पदवीचा मुख्य विषय) कुठलाही घ्या, व्हेट स्कूलने मागितलेले विषय पूर्ण झाले पाहिजेत, एवढंच. त्यामुळे नावावर भाळू नका (माहितीपत्रकात वासराचा गोड फोटो असतोच!).

खरा फरक पडतो तो अनुभवात. व्हीएमकॅसच्या (व्हेट स्कूलांसाठीची सामायिक अर्जव्यवस्था) अर्जात पशुवैद्याच्या देखरेखीखाली केलेलं काम वेगळं धरतात आणि गोठा, प्राण्यांचं शेल्टर वगैरेतलं काम वेगळं. दोन्ही हवं. म्हणून विचारा: कॅम्पसवर गायी-घोडे आहेत का? पहिल्या वर्षाच्या मुलांना हात लावू देतात की नुसतं लांबून बघायचं? गाडी नसेल तर जवळच्या क्लिनिकला जायचं कसं? शिफारसपत्रंही लागतात, आणि तीनशेच्या वर्गात प्राध्यापक तुम्हाला ओळखणार कसे, हेही बघा.

कॅम्पसवर व्हेट स्कूल असलं की आपोआप प्रवेश मिळतो, हा गैरसमज. सरकारी व्हेट स्कूल सहसा आपल्या राज्यातल्या रहिवाशांना झुकतं माप देतात, तेव्हा आपण कुठल्या राज्याचे रहिवासी ठरतो ते आधी तपासा.