चल, एक मारून येऊ

अरे मित्रा,

परवा रात्री तुझा मेसेज वाचला पण लगेच उत्तर दिलं नाही, दोन ओळींत उरकावं असं ते नव्हतं. तिसऱ्यांदा सिगरेट सोडली, तिसऱ्यांदा परत चालू झाली, म्हणजे माझ्यात विलपॉवरच नाही दादा, असं लिहिलंयस तू. हे मला अजिबात पटलेलं नाही. नाइट शिफ्ट करून, घरी पैसे पाठवून, वर परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलात विलपॉवर नाही असं कोण म्हणेल? तुझी गाडी दुसरीकडेच अडकतेय, आणि कुठे ते मला माहितीये कारण मी स्वतः तिथे बरीच वर्षं अडकलो होतो.

मी चौदा वर्षं ओढली. सुरुवात कशी झाली हे तुला कधी सांगितलं नाही. पहिली नोकरी, मी नवीन, कोणी फारसं बोलायचं नाही. दुपारी सीनियर लोकं मागच्या गेटला जायची आणि सगळ्या बातम्या तिथेच कळायच्या, कोणाची शिफ्ट बदलणार, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही, साहेब कोणावर चिडलाय. आत बसणाऱ्याला यातलं काही कळायचं नाही. एक दिवस एकजण म्हणाला, चल, एक मारून येऊ, आणि त्याने पाकीट पुढे केलं. मला सिगरेट नको होती रे, मला त्या घोळक्यात उभं राहायला जागा हवी होती. ती मिळाली, आणि त्या जागेची फी मी चौदा वर्षं भरत राहिलो.

आता तू नीट आठवून बघ, तुझी दिवसातली कुठली सिगरेट अशी आहे की जी खरंच निकोटिनसाठी आहे? सकाळची पहिली असेल, आणि अजून एखादी. बाकीच्या सगळ्या कोणाबरोबर तरी, नाहीतर कशापासून तरी पळून. पाच मिनिटं नुसता बाहेर उभा राहिलास तर कोणीतरी विचारणारच, काय रे काम नाही का? हातात सिगरेट असली की कोणी विचारत नाही. आपल्याला टेन्शन आलंय, जरा बोलायचंय, हे पुरुषांना तोंडाने म्हणायला जमत नाही, मग आपण म्हणतो चल, एक मारू. माझ्या एका मित्राने घटस्फोटाची गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली ती अशीच, दुसऱ्या सिगरेटच्या अर्ध्यात, जमिनीकडे बघत. म्हणून मी कधीच म्हणणार नाही की ते सगळं वाईट होतं. तिथे आधार होता, फक्त तो धुराबरोबर मिळायचा.

आणि हे पुरुषांचंच का? डब्ल्यूएचओचा 2020 चा अंदाज असा की जगात तंबाखू वापरणारे पुरुष 36.7 टक्के आणि बायका 7.8 टक्के. एवढा फरक काही फुप्फुसांमुळे पडत नाही. 1880 च्या दशकात सिगरेट वळायचं मशीन आलं, जिथे कसलेल्या कामगाराला मिनिटाला तीन-चार वळता यायच्या तिथे ते मशीन दोनशेच्या आसपास काढायला लागलं, आणि मग एवढा माल खपवायचा कुठे हा प्रश्न आला. दोन्ही महायुद्धांत सैनिकांना सिगरेटी वाटल्या गेल्या, तरुण मुलं सवय घेऊनच घरी परतली. मार्लबोरो तर 1924 साली बायकांची सिगरेट म्हणून विकायला काढलेली, पुढे 1950 च्या दशकात फिल्टरवाली सिगरेट पुरुषांना बायकी वाटायची म्हणून त्याच ब्रँडवर घोड्यावरचा काउबॉय बसवला गेला. म्हणजे मर्दानगी नंतर चिकटवलीये त्याच्यावर. ब्रिटनमध्ये 1948 ला 82 टक्के पुरुष काही ना काही ओढत होते, साहेब पण आणि कामगार पण.

यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1950 पासून कॅन्सरचा संबंध दाखवणारे अभ्यास यायला लागले, आणि ब्रिटनसारख्या देशांत या सवयीतून आधी कोण बाहेर पडलं तर डॉक्टर, शिकलेले, बऱ्या पगाराचे. मागे राहिले ते कमी पगारवाले, बेकार, पाळीत राबणारे. त्यांना कळत नव्हतं असं नाही. सोडायचा प्रयत्न ते इतरांइतकाच करतात, फक्त टिकणं कमी होतं. आणि ते तसंच होणार ना, ज्याच्या आजूबाजूला दहातले सहा ओढतात, ज्याला पुढच्या महिन्याचा भरवसा नाही, ज्याला दिवसात दुसरी कुठली मजा परवडत नाही, त्याला सोडणं जास्त जड जाणारच. तुझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं तेव्हाच तुझी दुसऱ्या वेळची सुटलेली परत चालू झाली होती, तूच सांगितलं होतंस मला. ते लक्षात ठेव आणि स्वतःला शिव्या देणं बंद कर.

पैशाचं एक सांगतो. सिगरेट एकेक सुटी विकत घेतली की खर्च दिसत नाही. दिवसाला दहा म्हणजे वर्षाला 3,650 सिगरेटी. एकदा कागद घेऊन बस आणि तुझ्या पगाराचे किती दिवस त्यात जातात ते काढ, रुपये नको काढूस, दिवस काढ. मी काढले तेव्हा कळलं की वर्षातले काही आठवडे मी फक्त सिगरेटसाठी कामाला जातोय, आणि मला खरंच राग आला, पहिल्यांदाच स्वतःवर न येता त्या वस्तूवर आला.

टेन्शन कमी होतं म्हणतोस, तर ते पण बघ. झुरका मारला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं अर्धं होतं, मग तलफ येते, चिडचिड होते, आणि पुढची सिगरेट तीच चिडचिड घालवते. बाकीचं जे बरं वाटतं ते खुर्चीवरून उठल्याचं, लांब श्वास घेतल्याचं, कोणाशी तरी बोलल्याचं. सोडल्यावर सुरुवातीचे दिवस वाईट जातात, ते खोटं नाही सांगणार, पण काही आठवड्यांनी चिंता आधीपेक्षा कमी होते असं अभ्यासांत दिसलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ब्रेक सोडू नकोस. तिन्ही वेळा तू सिगरेटबरोबर बाहेर जाणं पण बंद केलंस, एकटा आत बसलास आणि आठवड्याभरात कोमेजलास. अमेरिकेत फ्रेमिंगहॅममधल्या 12 हजारांवर लोकांची 1971 ते 2003 ची माहिती तपासली गेली, त्यात दिसलं की एका मित्राने सोडली तर दुसऱ्याची ओढण्याची शक्यता 36 टक्क्यांनी कमी होते, आणि लोकं एकेकटी नाही, घोळक्याने सोडतात. माझं तसंच झालं. तो घटस्फोटवाला मित्र आधी सोडून बसला, मग आम्ही दोघं त्याच वेळेला बाहेर जाऊन नुसतं गेटपासून कोपऱ्यापर्यंत चालायला लागलो, तेव्हा कुठे माझी सुटली, तीही चौथ्या वेळेला. तुझ्या ग्रुपमधला तो चष्मेवाला पण कंटाळलाय असं तू म्हणाला होतास ना, त्याला विचार. सगळ्यांना नको, त्या एकालाच.

शिवाय डॉक्टरकडे जाऊन निकोटिनचे पॅच किंवा गम याबद्दल विचार, त्याने सुटायची शक्यता साधारण दीडपट होते. औषध घेणं म्हणजे हरणं असं तुझ्या डोक्यात आहे, ते काढून टाक, कंबर धरली तर पट्टा लावतोसच की.

आणि उशीर झाला असं तर मनात पण आणू नकोस. ब्रिटनमधल्या 34 हजारांवर पुरुष डॉक्टरांवर 1951 पासून पन्नास वर्षं लक्ष ठेवलं गेलं, ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांची सहा वर्षं वाचली, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांची जवळपास सगळी दहा. तुला तिशीला अजून चार वर्षं आहेत.

सोमवारपासून तुझ्या रात्रीच्या ब्रेकला मला फोन कर. मी जागा असतो त्या वेळेला, झोप तशी पण उशिराच लागते हल्ली. तू बाहेर चालत राहा, मी इकडून बोलतो, पाच मिनिटं. कोणी विचारलं तर सांग, दादाचा फोन आहे.

तुझा,
दादा