ग्लो प्लग गरम घेऊ की गार? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या वेळी मॉडेल विमानाचं नवं इंजिन रन-इन करण्यावर, म्हणजे सुरुवातीला रुळवण्यावर, लिहिलं होतं, त्यावर आलेल्या प्रश्नांतले निम्मे ग्लो प्लगचेच, म्हणजे इंजिनातलं हवा-फ्युएलचं मिक्स्चर तापलेल्या तारेनं पेटवणाऱ्या प्लगचेच, निघाले. त्यातले काही निवडून घेतलेत, ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नका.

पुण्याहून एक वाचक: ०.४६ (घन इंच) टू स्ट्रोक आहे, फ्युएल १० टक्के नायट्रोचं (नायट्रोमिथेन). इग्नायटर (सुरू करताना प्लगला जोडायची बॅटरी) लावलेला असतो तोवर मस्त चालतं, काढला की आचके देत बंद पडतं. दुकानदार म्हणाला गरम प्लग घ्या. घेऊ का?

थांबा जरा, खिशात हात घालू नका. इग्नायटर लावलेला असतो तेव्हा तारेला बॅटरी उष्णता देत असते, त्यामुळे मिक्स्चर कितीही बिघडलेलं असलं तरी झाकलं जातं. इग्नायटर काढला की तारेला स्वतःच्या जिवावर लाल राहावं लागतं, आणि रिच, म्हणजे फ्युएल जास्त असलेल्या, मिक्स्चरमधलं ओलं फ्युएल सतत अंगावर आलं की ती विझणारच. म्हणून आधी हे बघा: आयडलवर (अगदी कमी वेगात) असताना कार्बोरेटरच्या जवळ फ्युएलची नळी चिमटीत दाबा (हात प्रॉपच्या, म्हणजे पंख्याच्या, मागूनच न्या). आरपीएम आधी चढून मग इंजिन बंद पडलं तर लो एंड (कमी वेगातलं मिक्स्चर) रिच आहे, त्याचा स्क्रू थोडा थोडा आत घ्या. दाबल्या दाबल्या लगेच मेलं तर लीन आहे, म्हणजे फ्युएल कमी पडतंय. हे सगळं नीट लागल्यावरही इग्नायटर काढताना आरपीएम पडत असेल तर मग प्लग बदला, पण त्याच नंबरचा नवीन. या साइझला ओएस कंपनीचा ८ नंबर, म्हणजे मध्यम प्लग, बहुतेक वेळा पुरतो. माझ्याकडे प्लग खराब म्हणून जी इंजिनं येतात त्यातली बरीचशी मी नुसती नीडल (मिक्स्चरचा स्क्रू) फिरवून परत दिलीत.

नागपूरहून, एनसीसी एअर विंगमधला कॅडेट: सर, गरम आणि गार म्हणजे नक्की काय? बॅटरी लावली की दोन्हीची तार लालच दिसते.

छान प्रश्न, हे पाठ करून सांगणारे खूप, समजून सांगणारे कमी. तार प्लॅटिनमच्या मिश्रधातूची असते. मेथॅनॉलची वाफ तापलेल्या प्लॅटिनमला लागली की तिथेच रासायनिक क्रिया होऊन उष्णता तयार होते, त्यात कॉम्प्रेशनची आणि आधीच्या जळण्याची उष्णता मिळते, म्हणून एकदा सुरू झाल्यावर बॅटरी लागत नाही. रे आर्डननी १९४७ च्या सुमारास अमेरिकेत हे प्लग बाजारात आणले तेव्हा मोठी सुटका हीच होती की विमानावर स्पार्क प्लगसाठीचं कॉइल, कंडेन्सर, बॅटरी असं ओझं न्यायला नको.

आता गरम प्लग म्हणजे उष्णता धरून ठेवणारा, गार म्हणजे ती पटकन हेडला (प्लग बसतो त्या सिलिंडरच्या झाकणाला) देऊन टाकणारा. ग्लो इंजिनात टायमिंग, म्हणजे पेटण्याची वेळ, फिरवायला वेगळी सोय नाही, ते काम प्लग करतो. गरम प्लगवर मिक्स्चर लवकर पेटतं, गारवर उशिरा. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं: नायट्रो वाढवलं, कॉम्प्रेशन जास्त आहे किंवा इंजिन मोठं आहे तर गारकडे जा, आणि नायट्रो नसलेलं फ्युएल, छोटं इंजिन, थंडीतली पहाट असेल तर गरमकडे. प्लग फारच गरम पडला तर फुल थ्रॉटलला फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो, थ्रॉटल लगेच खाली घ्या, नाहीतर तार पिळवटते. आणि हो, नंबर एका कंपनीचे दुसऱ्याशी लावू नका, एन्या कंपनीचा ३ हा गरम आहे म्हणून दुसऱ्यांचा ३ पण तसाच असेल असं काही नाही.

कोल्हापूर: टू स्ट्रोकचा प्लग फोर स्ट्रोकला चालेल का?

चालेल, पण कुरकुरत. फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच जाळ होतो, मधल्या फेरीत तार गार होते, म्हणून खास गरम प्लग लागतो. ओएसचा एफ घ्या आणि विषय संपवा.

ठाणे: नायट्रो कारचे टर्बो प्लग स्वस्तात मिळाले, विमानाला लावू का?

नको. टर्बोची बैठक निमुळती असते, त्याला वॉशर नसतो, आणि हेडही त्याच्याच मापाचं लागतं. आपल्या साध्या प्लगचे आटे पाव इंची, इंचाला ३२. जबरदस्तीनं फिरवलंत तर अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातील आणि स्वस्तातला प्लग हेडच्या किमतीला पडेल. छोटं इंजिन असेल तर शॉर्ट आणि लाँग (आट्यांची लांबी) यांचाही घोळ घालू नका, लाँग आत उतरून पिस्टनला लागू शकतो.

नाशिक: काका अमेरिकेत होते, त्यांचं जुनं कॉक्स ०४९ इंजिन मिळालंय. प्लग कुठे दिसतच नाही!

दिसणार नाही, कारण त्याचं अख्खं हेडच प्लग आहे, तार हेडमध्येच बसवलेली. तार तुटली की हेड बदलायचं. हे ०.८ सीसीचं बाळ आहे पण खायला चांगलं लागतं, १५ ते २५ टक्के नायट्रो आणि भरपूर एरंडेल. आधी जुनं एरंडेल डिंकासारखं चिकटलेलं असेल ते मेथॅनॉलमध्ये भिजवून सोडवा, तसंच जोर लावून फिरवू नका. मेथॅनॉल विषारी आहे, खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. काकांची वस्तू आहे, घाई कशाला.

डोंबिवली: इग्नायटरला मोबाईलचा ३.७ व्होल्टचा सेल जोडला तर चालेल का?

मी लावलाय. मैदानावर, रविवारी सकाळी, चार जण बघत होते. तार क्षणभर पांढरी झाली आणि गेली, आवाजसुद्धा नाही. जवळचा तो शेवटचा प्लग, मग घरी. प्लगला दीड व्होल्ट लागतो, करंट मात्र तीन अँपिअरच्या आसपास खातो, म्हणून बारीक पेन्सिल सेल दमतात. मोठा १.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड सेल उत्तम. लिथियमच हवा असेल तर आत व्होल्टेज कमी करणारं सर्किट असलेला तयार इग्नायटर घ्या.

रत्नागिरी: प्लग संपलाय हे कसं ओळखायचं? आणि पावसाळ्यात इंजिन ठेवून दिलं की बेअरिंग गंजतात.

प्लग बाहेर काढून इग्नायटर लावा, तार शेवटच्या वेढ्यापर्यंत झगझगीत केशरी झाली पाहिजे. अर्धीच लाल होत असेल किंवा चमक जाऊन राखाडी, खरखरीत दिसत असेल तर कामातून गेली. पण झगझगीत दिसली म्हणजे प्लग ठीकच असं नाही हां, हवेत लाल होणारा प्लगही कधी कधी इंजिनात दगा देतो. तारेवर धातूचे बारीक कण चिकटलेले दिसले तर प्लगला दोष देण्याआधी बेअरिंग बघा. बसवताना तांब्याचा वॉशर विसरायचा नाही, आधी बोटांनी पूर्ण फिरवा, मग पान्यानं हलकंसं आवळा, बास.

गंजाचं म्हणाल तर मेथॅनॉल पाणी ओढून घेतं आणि कोकणात तर हवेतच पाणी. दिवसाची शेवटची फ्लाइट झाली की नळी दाबून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवा, मग कार्बोरेटरमधून आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) चार थेंब सोडून हातानं दहाबारा फेऱ्या फिरवा. हे करताना इग्नायटर काढलेला आहे ना, ते दोनदा बघा.