काम एकाचे, पगार दुसऱ्याचा: मालक कोण?

प्रश्न: गेली साडेतीन वर्षे मी एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीच्या कार्यालयात सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो आहे, पगार मात्र मनुष्यबळ पुरवणारी दुसरीच कंपनी देते. काम नेमून देणे, चुका दाखवणे, रजा मंजूर करणे हे सारे तंत्रज्ञान कंपनीचा टीम लीड करतो. पण पगारवाढीचा विषय निघाला की तो पुरवठादाराकडे बोट दाखवतो आणि पुरवठादार म्हणतो की कंपनीने दर वाढवल्याशिवाय आमचा इलाज नाही. आमच्या ओळखपत्राचा रंग वेगळा आहे आणि आपापसांत पगाराविषयी बोलू नये, अशी तोंडी ताकीद आहे. ‘मी या कंपनीचा कर्मचारी नाही’ या वाक्याखाली माझी सही आहे. मग माझ्या हाती काही उरते का?

उत्तर: उरते, आणि तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरेच उरते. कामगार कायद्याची एक जुनी धारणा अनेक देशांत आजही टिकून आहे: नाते कोणते, हे कागदावरच्या नावावरून नव्हे, तर काम प्रत्यक्षात कसे चालते यावरून ठरते. तुमच्या सहीला किंमत नाही असे नाही. पण कामाचे स्वरूप, वेळ आणि रजा जो ठरवतो, त्याला केवळ त्या सहीच्या आडोशाने हात झटकता येतीलच, असेही नाही.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टचे आहे. तेथील ‘फ्रीलान्सर’ कायम कर्मचाऱ्यांच्याच गटांत, त्याच वरिष्ठांच्या हाताखाली काम करत. फरक एवढाच की त्यांची ओळखपत्रे वेगळ्या रंगाची होती, ईमेलचे पत्ते वेगळ्या धाटणीचे होते, कंपनीच्या समारंभांना त्यांना बोलावणे नसे आणि पगाराऐवजी त्यांना बिले सादर करावी लागत. आपल्याला कोणतेही लाभ मिळणार नाहीत, या मजकुरावर त्यांच्याही सह्या होत्या. कर खात्याने १९८९-९० मध्ये कागदपत्रे तपासून हे लोक प्रत्यक्षात कर्मचारीच आहेत, असा निर्वाळा दिला. त्यानंतर या लोकांनी न्यायालयात धाव घेतली, १९९६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २००० च्या अखेरीस सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड झाली. ओळखपत्राचा रंग निराळा ठेवल्याने मालकी झटकता आली नाही. उलट न्यायालयाने वस्तुस्थिती सांगताना त्या रंगांचीही नोंद केली.

तुमची घडण थोडी वेगळी आहे, कारण मध्ये पुरवठादार आहे. येथे ‘संयुक्त मालक’ ही संकल्पना कामी येते: पगार देणारा एक आणि कामावर हुकूमत चालवणारा दुसरा असेल, तर दोघांनाही मालक मानता येते. टेक्सासमधील ऑस्टिन येथे यूट्यूब म्युझिकचे काम करणारे कामगार कॉग्निझंट या पुरवठादाराचे होते, तरीही मालक-कामगार वादांचा निवाडा करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने २०२३ मध्ये गुगललाही त्यांचा मालक ठरवले. त्या कामगारांनी कामगार संघटना करण्याच्या बाजूने ४१ विरुद्ध शून्य असे मतदान केले. परंतु पुढचा भागही सांगायलाच हवा: २०२४ च्या फेब्रुवारीत कंत्राटाची मुदत संपली आणि त्यांचे काम गेले. कंत्राटाचे नूतनीकरण न करणे, हे मोठ्या कंपनीच्या हातातले सर्वांत स्वस्त हत्यार आहे, आणि निकाल जिंकूनही ते बोथट होतेच असे नाही.

पगाराविषयी बोलू नये, ही ताकीद मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने खासगी क्षेत्रातील बहुतेक कामगारांना वेतन आणि कामाच्या अटींविषयी आपापसांत बोलण्याचा हक्क दिला आहे. २०२१ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील गुगलच्या डेटा सेंटरमधील एका कंत्राटी कामगार महिलेला निलंबित करण्यात आले. पाण्याच्या बाटलीचे तुटलेले झाकण बदलून मिळते ते फक्त कायम कर्मचाऱ्यांना, याविषयी तिने समाजमाध्यमावर लिहिले होते. तक्रार मंडळाकडे गेली, निलंबन मागे घेतले गेले आणि कामगारांना त्यांच्या या हक्काची सूचना देण्याचे तडजोडीत मान्य झाले. झाकणाएवढ्या गोष्टीवरून एवढे व्हावे, याचे नवल वाटेल. पण भेदभाव रोज जाणवतो तो अशाच गोष्टींतून. आपल्याकडील कायद्यात हा हक्क कोणत्या स्वरूपात आहे, हे मात्र वकिलाकडून तपासून घ्या.

आता तुम्ही काय करावे? रजा कोणी मंजूर केली, पाळी कोणी बदलली, काम कोणी नाकारले, याची तारखेनिशी नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. कंपनीचा कोड, गोपनीय कागद किंवा अंतर्गत संवाद घरी नेऊ नका. त्याने खटला तुमच्यावरच उलटेल. पगारवाढीची विनंती एकाच पत्रात दोघांनाही करा, म्हणजे परस्परांकडे दाखवलेली बोटे लेखी येतील. शक्यतो ते पत्र चार-पाच सहकाऱ्यांच्या सह्यांनी जावे.

प्रश्न: वर्षभर काम झाले की आम्हाला सक्तीने काही महिने बाहेर ठेवतात आणि नंतर त्याच जागी परत घेतात. याला काही अर्थ आहे का?

उत्तर: कंपनीच्या दृष्टीने आहे. मायक्रोसॉफ्टने वरील प्रकरणाच्या सुमारास तात्पुरत्या कामगारांसाठी एक वर्षानंतर १०० दिवसांच्या खंडाचा नियम आणला, तो सलग सेवेचा दावा उभा राहू नये म्हणूनच. आधीचा निकाल कामगारांच्या बाजूने लागला आणि पुढच्या कामगारांच्या वाट्याला सक्तीची बेकारी आली, हा त्यातला कडवट भाग. कामाचे स्वरूप कायमचे असेल आणि प्रत्येक वेळी तीच माणसे परत घेतली जात असतील, तर तो खंड कृत्रिम असल्याचा युक्तिवाद करता येतो. त्यासाठी आधीच्या प्रत्येक कराराची प्रत जपून ठेवा आणि पुढच्यावर सही करण्यापूर्वी ती कामगार वकिलाला दाखवा.