‘ग्याकुताई’ची (बाल अत्याचाराची) तक्रार झाली म्हणजे मूल नेतात का?

“ताई, एकच धपाटा घातला हो. आता घेऊन जातील का त्याला?” तोक्योच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा पहिलीत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रडणं ऐकून कुणीतरी 189 वर, म्हणजे बाल अत्याचार कळवायच्या फोन नंबरवर, कळवलं आणि दुसऱ्या सकाळी ‘जिदो सोदानजो’, म्हणजे बालसल्ला केंद्राची दोन माणसं दारात उभी. घाबरून तिने दार उघडलंच नाही.

चुकलं ते इथे. खबर मिळाल्यापासून 48 तासांत मुलाला प्रत्यक्ष पाहायचं, असा त्यांचा दंडक आहे. दार बंद राहिलं की संशय वाढतो, चौकशी शाळेपर्यंत जाते.

‘जिदो ग्याकुताई’ला आपण ‘बाल अत्याचार’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर चटके येतात. 2000 सालच्या जपानी कायद्यात मात्र त्यात मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड आणि मानसिक छळ असं सगळं येतं. मुलादेखत नवऱ्याने बायकोवर हात उगारणं हाही मुलाचा मानसिक छळच. तिथेही ‘शित्सुके’, म्हणजे वळण लावण्याच्या नावाखाली मारणं खपत असे. एप्रिल 2020 पासून शिक्षा म्हणून मारायला बंदी आहे, डिसेंबर 2022 मध्ये पालकांचा शिक्षेचा हक्कही नागरी संहितेतून गेला. त्यामुळे ‘आमच्यात चालतं’ हे उत्तर नको.

मी तिला सांगितलं: ती माणसं आली की दार उघड, मुलाला भेटू दे. दुभाष्या माग, मुलालाच दुभाष्या करू नकोस. किती वेळा मारलंस ते खरं सांग. आलेल्यांची नावं, तारीख लिहून ठेव.

बहुतेक प्रकरणांत मूल घरीच राहतं. धोका दिसला तर तात्पुरतं हलवतात, तेही सहसा 2 महिन्यांपर्यंत. जून 2025 पासून पालकांची संमती नसेल, तर 7 दिवसांच्या आत न्यायाधीशांकडे वॉरंट मागावं लागतं.

पण धपाटा का बसला? शाळेतून रोज धडा मोठ्याने वाचायचा गृहपाठ येतो, पालकांनी ऐकून कार्डावर सही करायची. तिला स्वतःला जपानी वाचता येत नव्हतं. मुलगा अडखळला की ती हतबल होई, आणि हात उठे. तो राग मुलावरचा नव्हताच. दुसऱ्या भेटीत तिने ते कार्डच पुढे ठेवलं. मग शिक्षिकेशी बोलून ठरलं, की धडा शाळेतच वाचायचा. सही शिक्षिका करतील.