कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या आवाजाच्या चिपला एका वेळी तीनच आवाज काढता यायचे, मग त्यावरच्या गेम्सचं संगीत इतकं भरगच्च कसं वाटतं?

तीनच, हे खरं आहे. १९८२ च्या या मशीनमधली सिड ६५८१ ही चिप बॉब यॅनिस यांची. मूळचे सिंथेसायझरवेडे, पुढे एन्सोनिक ही वाद्यांची कंपनी काढणाऱ्यांत तेही होते. त्यामुळे सूर कसा उठणार, किती टिकणार, कसा विरणार हे प्रत्येक आवाजाला वेगळं ठरवता यायचं, शिवाय तिघांत मिळून आवाजाचा काही भाग गाळणारा एक फिल्टर. घरगुती कॉम्प्युटरसाठी ही चैनच होती. तरी भरगच्चपणाचं निम्म्याहून जास्त श्रेय मी चिप चालवणाऱ्या प्रोग्रामला देईन.

युरोपातल्या ‘पाल’ पद्धतीच्या टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा ताजं व्हायचं, अशा दर वेळेला फ्रेम म्हणतात. त्याच ठेक्यावर संगीताचा प्रोग्राम चालायचा आणि चिपच्या रजिस्टरमधले, म्हणजे तिला हुकूम द्यायच्या खणांमधले, आकडे बदलायचा. पेटीवर सा, ग, प एकदम दाबायला तीन पट्ट्या लागतात. इथे एकाच आवाजाला ते तीन सूर आळीपाळीने, दर फ्रेमला एक, असे द्यायचे. कान त्याला कॉर्ड समजतो. किंचित थरथर राहते, पण तीच पुढे या संगीताची ओळख झाली. आणि उरलेले दोन आवाज मोकळेच!

ड्रमची गंमत तर मला जास्त आवडते. त्यासाठी वेगळा आवाज ठेवायची चैन नसायची, म्हणून बऱ्याचदा तो बेसमध्येच घुसवायचे. पहिल्या फ्रेमला नॉइज (नुसता खरखराट), मग दोन-तीन फ्रेम झपाट्याने खाली घसरणारा सूर, की बेस परत जागेवर. सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. बेस मधे गायब झाला होता हे कळतही नाही. गोटट्रॅकर नावाचं या चिपसाठी संगीत रचायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात हे करून बघा. नॉइजची ती एक फ्रेम काढली तर नुसतं ‘बुप्’ येतं, ठेवली तर चांगलं ‘ढप्’.

अर्थात तेव्हा असं सोयीचं काही नव्हतं. ‘मॉन्टी ऑन द रन’ (१९८५) करणारे रॉब हबर्ड वाजवणारा प्रोग्रामही स्वतःच असेंब्लीत (मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत) लिहायचे आणि चाल आकड्यांत भरायचे. चिपला सुरांची नावं कळत नाहीत. पाल मशीनवर ४४० हर्ट्झचा सूर हवा तर रजिस्टरमध्ये साधारण ७४९२ हा आकडा जावा लागतो. १९८६ मध्ये ख्रिस ह्युल्सबेकचा साउंडमॉनिटर हा संगीत रचायचा प्रोग्राम एका जर्मन मासिकात छापून आला, तेव्हा कुठे प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनाही हात घालता आला.

एवढं करून गेममध्ये गोळी झाडली की आवाजासाठी तिघांतला एक बऱ्याचदा पळवला जायचा. काही गेम्समध्ये तर संगीत किंवा इफेक्ट, एकच काय ते निवडा, असा मामला असे.

इम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) ऐकणार असाल तर सेटिंगमध्ये ६५८१ आणि नंतरची ८५८० या दोन्ही चिप लावून बघा. ६५८१ चा फिल्टर चिपगणिक वेगळा वाजायचा, त्यामुळे ‘मूळ आवाज’ कोणता यावर जुने शौकीन अजून भांडतात.