घटस्फोट घेताना कुत्रा आणि मांजर कोणाकडे ठेवावं?

तुम्ही विचारलंय, परस्परसंमतीने घटस्फोट घेतोय, कुत्रा आणि मांजर दोघांनाही हवेत, कोर्ट कोणाकडे देईल? मी यातून गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं. मुलांच्या ताब्यासाठी आपल्याकडे कायदे आहेत, पाळीव प्राण्यांसाठी नाहीत. कुत्रा कायद्याच्या लेखी जंगम मालमत्ता, म्हणजे फ्रिज-सोफ्याच्या रांगेत. कॅलिफोर्नियात २०१९ पासून न्यायाधीश प्राण्याची देखभाल कोण करतं हे बघू शकतात. स्पेनमध्येही २०२२ पासून प्राण्याचं हित बघतात. आपल्याकडे २०२३ मध्ये मुंबईच्या एका दंडाधिकारी न्यायालयाने पत्नीच्या अंतरिम पोटगीत तिच्या तीन रॉटवायलर कुत्र्यांचा खर्च धरणं योग्य मानलं, पण तो प्रश्न पैशाचा होता, ताब्याचा नव्हे. भांडत गेलात तर पावती कोणाची, महापालिकेचा परवाना कोणाच्या नावावर, यावरच गाडी येईल. म्हणून कोर्टात जायच्या आधी तुम्ही दोघांनीच ठरवा.

आमचा बंड्या मी आणला होता. पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू, परवाना माझ्या नावावर. तो माझाच, यात मला शंकाच नव्हती. त्याला फिट यायच्या. दर बारा तासांनी गोळी, सकाळी आठ आणि रात्री आठ. ती चुकवून चालत नाही, चुकली तर फिट यायची भीती. आमच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं: आठवडाभर गोळी कोण देतं ते लिहून ठेवा. मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लागले. चौदा गोळ्यांपैकी माझ्या तीन. मी साडेसातला घर सोडायचे आणि रात्री नऊला यायचे, नवरा घरून काम करायचा. त्या अकरा खुणांकडे बघत मी ओट्याशी उभी राहून रडले. बंड्या त्याच्याकडे गेला.

मनी माझ्याकडे राहिली, कारण फ्लॅट माझ्याकडे राहिला. मांजर माणसाइतकंच जागेला धरून असतं. नवं घर, नवे वास, की ती चार-चार दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. तुमच्या कुत्र्या-मांजराचं एकमेकांशी सख्य असेल, एकाच गादीवर झोपत असतील, तर मात्र त्यांना वेगळं करू नका, मग ते कोणाकडेही जावोत.

पहिला अर्ज आणि दुसरी तारीख यांत साधारण सहा महिने मिळतात. ठरवलेली व्यवस्था त्या काळात चालवून बघा. आम्ही आधी दर शनिवार-रविवार बंड्याला माझ्याकडे आणायचं ठरवलं होतं. तो सोमवारी परत गेला की दिवसभर जेवायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात ते बंद केलं. आता मीच रविवारी तिकडे जाते आणि त्याला टेकडीवर फिरवते.

जे ठरेल ते संमतीच्या अटींत लिहूनच घ्या, तोंडी ठेवू नका. डॉक्टरचा खर्च कोण किती देणार, ऑपरेशनची वेळ आली तर निर्णय कोणाचा, एकजण परदेशी गेला तर प्राण्यासाठी दुसऱ्यालाच आधी विचारायचं, परवाना कोणाच्या नावावर करायचा. आमच्या वकिलांना हे आधी किरकोळ वाटलं, पण मी हट्ट धरला. सातव्या कलमात बंड्याचं नाव आहे, त्याच्या गोळीच्या वेळेसकट.